सुनेच्या नावाचा कप्पा

मोठीबाईंच्या कमरेला अकरा चाव्या होत्या आणि बारावी डोक्यात. कमरेच्या अकरा कुणीही मोजाव्यात: दुकानाच्या दोन, कातड्याच्या खोलीची एक, कपाटांच्या पाच, माडीची, कोठीची, आणि एक अशी की तिचं कुलूप कधीच मोडून गेलं होतं, पण चावी फेकायला मोठीबाईंचा हात होत नव्हता. बारावी होती कॉम्प्युटरची. आठ आकडे. ते त्यांनी पोटच्या मुलालासुद्धा सांगितले नव्हते.

दुकान बुटांचं, पण शोभेच्या बुटांचं नव्हे. ज्यांचे पाय बाजारातल्या बुटांत मावत नाहीत अशांचं. एक पाय आखूड, एखादा आत वळलेला, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, असे लोक दुरून दुरून येत, आणि मोठीबाई त्यांचा पाय मांडीवर घेऊन असा निरखत जसं सोनार नाणं निरखतो. सत्तरी उलटली तरी नाकावर माशी बसू देत नसत. "जग तोंड बघून माणूस ओळखतं," त्या म्हणायच्या. "तोंड काय, कुणीही धुऊन येतं. पाय दाखव म्हणावं."

त्या दिवशी सकाळी नात येऊन कॉम्प्युटरसमोर बसली. कॉलेजच्या वसतिगृहातून ती आदल्या दिवशीच सुट्टीला आली होती. आई गेल्यावर घरी राहायला अशी पहिल्यांदाच. तीन महिने झाले होते.

"आजी, मास्तरीणबाईंच्या बुटाचा नमुना मी काढते," ती म्हणाली. "काल बघितलं मी त्यांना, बुटाला सुतळी बांधून शाळेच्या पायऱ्या चढत होत्या. आईने माप कागदावर लिहून ठेवलंय ना? आईचा प्रोग्राम मला चालवता येतो. तासाभराचं काम आहे."

शिलाईच्या मशीनवरच्या काकांनी पाय थांबवला. पंचवीस वर्षं ते त्या मशीनवर होते. स्वतःबद्दलच म्हणायचे, माझी शिलाई पक्की, तोंड तेवढं उसवलेलं. "देव पावला," ते म्हणाले. "तीन महिने नुसते जुने बूट सांधतोय. परवा तर कंटाळून स्वतःचाच पट्टा शिवला."

मागे कापायच्या पाटावर मोठीबाईंचा मुलगा बसला होता. त्याने मान वर केली, लेकीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तो मुळातच कमी बोलायचा. बायको गेल्यापासून तर बोलणं म्हणजे उसनवारीवर आणल्यासारखं.

नातीने बटण दाबलं. पडदा उजळला. पूर्वी त्यावर दोन नावं यायची, एक दुकानाचं आणि त्याखाली एक सुनेचं, शेजारी गोलात तिचा हसरा फोटो. आज एकच नाव आलं.

"आईचं नाव कुठे गेलं?"

मोठीबाईंनी हातातलं कातडं उगाचच उलटं केलं. "माणूस गेलं, नावाचं काय घेऊन बसलीस?" त्या फटकन म्हणाल्या. "सरक. तुला नवं खातं काढून देते."

आणि नातीकडे न बघता त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

*

कॉम्प्युटर दुकानात आला त्या दिवशी बसवायला आलेल्या माणसाने विचारलं होतं, "याचा मालक कोण?" दुकानात तेव्हा पाच माणसं उभी होती, तरी मोठीबाईंनी इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुला कोण दिसतंय?" त्या म्हणाल्या. माणूस समजायचं ते समजला. त्याने मालकाचं खातं उघडून दिलं, पासवर्ड घालायला लावला, नवं खातं कसं काढायचं आणि जुनं कसं पुसायचं ते दोनदा करून दाखवलं. मोठीबाईंची शाळा चौथीत सुटलेली आणि पडद्यावरची अक्षरं सगळी इंग्रजी. त्यांनी ती वाट जिन्याच्या पायऱ्यांसारखी मोजून ठेवली: वरून तिसरं, मग उजवीकडे, मग खालून दुसरं, मग निळं बटण. निळं म्हणजे पुढे चला. एकदा मोजलेलं मोठीबाई विसरत नसत, मग ते पायाचं माप असो की कुणी केलेला पाणउतारा.

सुनेला त्यांनी बिनहक्काचं खातं काढून दिलं. म्हणजे बसायचं, लिहायचं, वाचायचं. पण यंत्रात नवं काही आणून ठेवायचं तर मालकाचा पासवर्ड लागणार.

यजमान गेले त्याच्या पुढच्या वर्षी सून तो मागायला आली. यजमानांच्या हातातली कला मुलाच्या हातात उतरली नव्हती. नमुना पुढे ठेवला की त्याच्यासारखं कातडं कापणारा दुसरा नाही, पण कोऱ्या कागदासमोर बसवला की नव्या जावयासारखा अवघडून बसायचा. नमुना काढणार कोण? सून म्हणाली, आकडे दिले की नमुना काढून देईल असा प्रोग्राम मी लिहिते. त्यासाठी पायथॉन नावाची भाषा लागते, आणि तिच्यासोबत लोकांनी आधीच करून ठेवलेली पॅकेजं. कुणी रेघा काढायचं केलेलं, कुणी हिशेब करायचं, कुणी वळणं गोल करायचं. जगातल्या लोकांनी फुकट ठेवलंय, आपण उतरवून घ्यायचं.

"नावातच पाय आहे म्हणजे आपल्याच धंद्यातलं दिसतंय," मोठीबाई म्हणाल्या.

सून खळखळून हसली. "तेवढा पासवर्ड द्या ना, आई."

"चाव्या एकाच कमरेला शोभतात." मोठीबाईंनी विषय तिथेच कापला. "आज कॉम्प्युटर, उद्या कपाट, परवा म्हणशील तुम्ही माडीवर बसून जपमाळ ओढा. तुझं काय ते तुझ्या जागेत कर. माझ्या यंत्राला हात लावायचा नाही."

दुसरी कुणी असती तर रुसली असती, नवऱ्याचे कान भरले असते. ही पुन्हा म्हणून मागायला आली नाही. दोन दिवसांनी मोठीबाईंनी पाहिलं तर तिच्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळत होती.

"मी म्हटलं होतं ना हात लावायचा नाही म्हणून?"

"नाही लावला," सून म्हणाली. "यात दोन तऱ्हा असतात, आई. घरात सगळ्यांसाठी बसवायचं तर मालकाला विचारावं लागतं. पण नुसतं आपल्या कप्प्यात ठेवायचं असेल तर शेवटी दोन आडव्या रेघा मारून 'यूजर' लिहायचं. मग यंत्र कुणाला विचारत नाही. तुमच्या भिंतीला खिळा ठोकला नाही मी. माझ्या पेटीत माझं सामान ठेवलं."

खरं म्हणजे ती घरातही तशीच राहत होती. अठरा वर्षांत तिने एका कपाटाची चावी मागितली नाही. जिन्याखाली एक फळी होती, तिचं जे काही होतं ते त्या फळीवर.

प्रोग्राम झाला. पहिला नमुना तिने मोठ्या हौसेने सासूपुढे धरला. मोठीबाईंनी तो दिव्याकडे धरून पाहिला आणि परत दिला.

"डावा केलास आणि आरशात बघून उजवा काढलास की काय?"

"हो," ती जरा ओशाळली. "दोन्ही पाय सारखेच असतील म्हणून..."

"कुणाचेही दोन पाय कधी सारखे नसतात. आमच्या दारात येतात त्यांचे तर नाहीतच. पुन्हा कर."

तिने पुन्हा केला. अख्खा हिवाळा दुपारी दुकान बंद असताना ती यंत्रासमोर बसायची आणि मोठीबाई शेजारी स्टुलावर. ती विचारायची, "आणि टाच कललेली असली तर?" "आणि घोटा सुजणारा असेल तर?" "आणि लहान मूल असेल, पाय वाढायचा असेल तर?" मोठीबाई उत्तरं देत. यजमानांनी सांगितलेलं, स्वतः पाहिलेलं, कुणाला कधी न सांगितलेलं. सांगता सांगता स्वतःच नवल करत, की अगं बाई, हे मला ठाऊक होतं! मग उठताना म्हणत, "डोकं खाल्लंस माझं."

शाबास मात्र म्हणाल्या नाहीत. सून म्हणजे पायातली वहाण नव्हे हे त्यांना कळत होतं. पण डोक्यावरची टोपी करायची की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं, आणि ठरायच्या आतच ती गेली. तीन आठवडे फुप्फुसाचं दुखणं, दवाखान्याची पांढरी खाट, आणि संपलं. वय त्रेचाळीस.

त्यानंतर रोज सकाळी दुकान उघडलं की मुलगा यंत्र सुरू करायचा, आणि पडद्यावर ती हसत यायची. रोज. दिवा लावावा तशी. मोठीबाई तोंड फिरवत. पंधराव्या दिवशी दुकानात कुणी नसताना त्या एकट्या बसल्या. वरून तिसरं, उजवीकडे, खालून दुसरं. यंत्राने काहीतरी विचारलं, लांबलचक वाक्य, खाली दोन बटणं. एक करडं, एक निळं. मोठीबाईंनी निळं दाबलं. फोटो गेला.

तेव्हा त्यांना रडू आलं. चार भिंतींखेरीज कुणी पाहिलं नाही, म्हणजे आलंच नाही असं त्या धरून चालल्या होत्या.

*

नातीला त्यांनी नवं खातं काढून दिलं. सुनेला दिलं होतं तसंच, बिनहक्काचं. सवयच ती.

"आधी पायथॉन बसवायला लागेल," नात म्हणाली. तिने प्रयत्न केला आणि पडद्यावर पाटी आली. मालकाचा पासवर्ड द्या.

काकांनी मोठीबाईंकडे पाहिलं. मुलाने पाहिलं. मोठीबाईंनी कात्रीला धार आहे का ते पाहिलं.

नात उठून जिन्याखाली गेली आणि फळीवरची एक वही घेऊन आली. किराणा लिहायची वही, पण शेवटच्या चार पानांवर आईच्या बारक्या अक्षरात आठ पॅकेजांची नावं होती, आणि वर लिहिलेलं: 'पासवर्ड न मागता'. नुसतं माझ्यापुरतं बसव, ही खूण कुठे करायची. मग कोणत्या क्रमाने काय आणायचं. एक पॅकेज रुसलं तर आधी कुठलं आणावं. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन आडव्या रेघा आणि 'यूजर'.

मोठीबाईंनी ते शब्द बघितले. 'पासवर्ड न मागता' वाचण्याइतकी शाळा त्यांची झाली होती.

पांढरी अक्षरं पळायला लागली. एक रेघ डावीकडून उजवीकडे भरत जायची, भरली की दुसरी. काका मशीन सोडून मागे येऊन उभे राहिले. "हे कोण पाठवतंय गं?"

"कुणीही. जगभरचे लोक. ओळख ना पाळख."

"आणि आपल्या घरात पासवर्डसुद्धा मिळत नाही," काका म्हणाले, आणि मोठीबाईंची नजर पडताच खोकले.

पाचवं पॅकेज अडलं. लाल अक्षरं आली. नातीने वहीत पाहिलं. आईने तिथे लिहिलं होतं, 'इथे अडतं. घाबरू नको. आधी सातवं आण.' नातीने तसं केलं आणि गाडी सुटली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती. आई अशी हात धरून चालवतेय म्हटल्यावर कोण हसणार नाही?

अर्ध्या तासात आठही बसली. काकांनी टाळी वाजवली. मुलगा कधी नव्हे तो पाटावरून उठून लेकीच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"झालं," नात म्हणाली. "आता आईचा प्रोग्राम उघडते."

ती शोधायला लागली. एक कप्पा उघडला, मिटला. दुसरा उघडला. मोठीबाई तिचा चेहरा बघत होत्या. पाय बघून माणूस ओळखणाऱ्या त्या बाईला त्या दिवशी चेहरा वाचता आला, आणि वाचता आला नसता तर बरं झालं असतं.

"आजी," नात सावकाश म्हणाली, "आईचं नाव काढताना यंत्राने काही विचारलं होतं का? दोन बटणं होती?"

मोठीबाईंनी कमरेच्या चाव्या चाचपल्या.

"कुठलं दाबलंस?"

"निळं." मग जरा वेळाने, "मी नुसती पाटी काढली गं. दारावरची पाटी काढली तर खोली कुठे जाते? खोली आतच असायला हवी."

"आईचं सगळं तिच्या कप्प्यातच होतं, आजी. पासवर्ड नव्हता ना. बाहेर ठेवताच येत नव्हतं तिला." नातीचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. "यंत्राने विचारलं असेल, हिचं सामान ठेवू की टाकू. निळं म्हणजे टाक."

"मग आत्ता हे काय आणलंस एवढं? आठ नग?"

"ते आईचं नव्हतं. ते जगाचं होतं. जगाचं कधीही परत आणता येतं. आईने लिहिलेलं जगात दुसरीकडे कुठेच नाही."

मग मुलगा बोलला. चव्वेचाळीस वर्षांत त्याने आईला उलटून शब्द दिला नव्हता, आणि आताही ओरडला नाही.

"आई, तू तिला तुझी एक चावी दिली नाहीस," तो म्हणाला. "तिच्या कुलपाची चावी मात्र तुझ्याकडे होती. आम्हाला निदान विचारायचं होतंस."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ही मोठीबाईंची ख्याती. त्या दिवशी त्यांनी फक्त यंत्र दुरुस्त करणाऱ्याला बोलवायला सांगितलं.

*

यंत्र दुरुस्त करणारा आला. त्याने दुपारभर काहीबाही करून पाहिलं. पुसलेलं लगेच सांगितलं असतं तर निघालं असतं, तो म्हणाला. पण यंत्र त्यानंतर अडीच महिने चालू आहे. दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्र रात्रंदिवस याच्यातच साठतंय. "पाटी पुसून तिच्यावर तुम्ही दुसरे धडे लिहिलेत, बाई. आता जुने कसे वाचू?"

कॅमेरा मोठीबाईंनीच बसवला होता. कोण येतं, कोण जातं, कामगार किती वाजता उठतो हे कळावं म्हणून. म्हणजे सुनेच्या हिवाळ्यावर आता दुकानाच्या दाराचं चित्र होतं, अडीच महिन्यांचं, आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

शोधाशोध चालूच राहिली. बुडत्याला काडी म्हणतात ती बुटांच्या बटणांच्या डब्यात सापडली: बोटाएवढा पेनड्राइव्ह, सुनेचाच. नातीने तो लावला. आत प्रोग्राम होता. सगळे पुढे सरकले.

नातीने मास्तरीणबाईंचे आकडे घातले. यंत्राने भराभर नमुना काढला. डावा पाय, आणि आरशातल्यासारखा तस्साच उजवा.

"पहिला आहे हा," मोठीबाईंनी लांबूनच ओळखलं. "मी परत केला होता तो."

"हो, पहिलाच." नात खाली खाली जात शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि थांबली. "इथे आईने काहीतरी लिहिलंय. यंत्रासाठी नाही, स्वतःसाठी. अशी एक खूण घातली की पुढचं यंत्र वाचत नाही, फक्त माणसं वाचतात."

"काय लिहिलंय?"

नातीने वाचलं. "'आई म्हणतात, कुणाचेही दोन पाय कधी सारखे नसतात. आईंचं बरोबर आहे. सगळं पुन्हा लिहायचं.'"

मोठीबाई स्टुलावर बसल्या. तेच स्टूल.

"नव्यात तर पानोपानी होतं," नात म्हणाली. तिला कल्पना नव्हती की ती कुठे सुरी चालवतेय, किंवा असेलही. "मला शिकवताना दाखवायची ती. प्रत्येक मापाच्या वर एक ओळ. आई म्हणतात, टाचेला एवढं सोडायचं. आई म्हणतात, माप संध्याकाळी घ्यायचं, सकाळचा पाय खोटं बोलतो. मी म्हटलं होतं तिला, हे काढून टाक गं, प्रोग्राम असा नसतो लिहायचा. तर म्हणाली, राहू दे, उद्या त्या नसल्या तर कोण सांगणार?"

उद्या त्या नसल्या तर! काकांनी तोंड फिरवून मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला, जो ओवलेलाच होता.

मोठीबाईंना वाटलं होतं, आपण सुनेचं पुसलं. आता कळलं की त्या कप्प्यात त्या स्वतःही होत्या. अठरा वर्षं जिला एक फळी दिली, तिने आपल्या एवढ्याशा जागेत सासूला बसवून घेतलं होतं, आणि तेही मानाने, 'म्हणतात' म्हणून. आणि त्यांनी निळं बटण दाबलं होतं.

मग त्या उठल्या, नातीच्या खुर्चीजवळ गेल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सव्वीस, दहा. पंचवीस, शून्य नऊ."

"काय?"

"पासवर्ड."

मुलाने चमकून पाहिलं. "हे तर बाबांच्या पायांचं माप."

"मग काय तुझ्या सासऱ्याचं ठेवू?" मोठीबाई म्हणाल्या, पण त्यात धार नव्हती. "घे गं. लिहून घे. आता सगळ्यांसाठी बसव, पाहिजे ते बसव."

नातीने आजीकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर मोठीबाईंना सोसला असता, रागाशी त्यांची जुनी ओळख होती.

"नको आजी," ती म्हणाली. "बसलंय सगळं. गरज नाही लागत."

*

दुसऱ्या दिवशी नातीने कोरं पान उघडलं. "मी पुन्हा लिहिते. आईइतकं चांगलं नाही जमणार. तू सांग, मी लिहीन."

मोठीबाई स्टुलावर बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि सांगायला तोंड उघडलं. काही आलं नाही. डोळे मिटले, तरी नाही. चाळीस वर्षांचं शहाणपण असं गप्प बसलं जसं चार पाहुण्यांसमोर मूल.

"टाचेचं काय होतं?" नात म्हणाली.

"टाचेचं ते... कोणती टाच? कशी टाच?"

"मला काय माहीत आजी, तूच सांग."

"ती विचारायची," मोठीबाई म्हणाल्या. "ती नेमकं विचारायची, म्हणून मला आठवायचं. उत्तर माझ्याकडे होतं गं, पण प्रश्न सगळे तिच्याकडे होते." आणि त्यांनी तोंडाला रुमाल लावला. आता दुकानात तीन माणसं होती, तरी लावला.

अशी दोन दुपारी गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तरीणबाई आल्या, बुटाला सुतळी बांधलेल्याच. उजवा पाय दोन बोटं आखूड, आत वळलेला. खुर्चीत बसून त्यांनी नेहमीप्रमाणे तोच दुखरा पाय पुढे केला. "घाई नाही हं," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरावर वेळ कसली आलीय ते मला माहीत आहे. तुमच्या सूनबाई माप घेताना माझ्याशी वर्गातल्या मुलांचं बोलत बसायच्या. पाय कधी हातात घेतला तेही कळायचं नाही."

मोठीबाई खाली बसल्या. उजवा पाय त्यांनी अलगद बाजूला ठेवला आणि डावा, चांगला, मांडीवर घेतला. टाचेवरून अंगठा फिरवला. चांगल्या पायाची टाच भेगाळून दगड झाली होती, अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं. मोठीबाईंचा अंगठा तिथे थांबला.

"लिही," त्या म्हणाल्या.

नात धावत यंत्राशी गेली.

"दुखऱ्या पायाला विचारायचं नाही. चांगल्याला विचारायचं. दुखऱ्याचा भार सगळा तोच वाहतो, बोलत मात्र नाही. त्याच्या टाचेखाली आधी मऊ घालायचं, मग दुसऱ्याचं बघायचं."

कळा वाजल्या. मागे मुलाने कातडं कापायची रापी खाली ठेवली होती.

"वरती काय लिहू?" नातीने विचारलं. "'आजी म्हणते' लिहू?"

मोठीबाईंनी मान हलवली. पाय अजून मांडीवरच होता.

"नाही. तिनं लिहिलं होतं तसंच लिही."

नातीने 'आई म्हणतात' लिहिलं. मग थोडा वेळ त्या एका ओळीकडे बघत राहिली.

"अशा किती होत्या गं?" मोठीबाईंनी खालूनच विचारलं.

"मोजल्या नव्हत्या, आजी," नात म्हणाली.